मातीचा मुल्क आणि खडूचा चारमिनार

“सरहद किसने तोडी?”

मोहतमीम साब, म्हणजे शाळा तपासायला वरून आलेले साहेब, ओरडले ते असे, की जालन्याच्या मोती तलावावरची बदकं उडाली आणि थेट मनमाडला जाऊन उतरली. मनमाड म्हणजे त्या दिवसांत हिंदुस्थान, आणि हिंदुस्थान म्हणजे आमच्या हैदराबाद रियासतीच्या हिशेबानं परमुलूख. बदकांना कुणी परवाना विचारला नाही एवढंच. खोटं वाटत असेल तर मनमाडच्या बदकांना विचारा.

“किसने तोडी? बोलो.”

शाळेच्या अंगणात मातीचा मोठाच्या मोठा नकाशा पसरला होता. त्याच्या कडेचा पिवळा बांध पूर्वेला एका जागी फुटला होता, आणि त्या भगदाडातून गढूळ पाणी कुणाचीही भीड न धरता रियासतीच्या बाहेर चाललं होतं. आमची सगळी जमात, म्हणजे वर्ग, भोवती उभी. मी पश्चिमेला रिकामी होत आलेली घागर धरून उभा. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, तोंड उघडं ठेवून उभे. आणि भूगोलाचे मास्तर वेताची छडी दोन्ही हातांनी धरून उभे होते. विहिरीत डोकावणारा माणूस कठडा धरतो ना, तशी धरली होती.

त्या दिवशी त्या अंगणात एकाच गोष्टीचा निकाल लागायचा होता. मास्तरांची नोकरी राहती की जाती. आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं, ती त्या पाण्याबरोबर भगदाडातून गेलीच.

आता हे कळायचं तर जरा मागं यावं लागेल. साहेबांना तसंच ओरडत राहू द्या, त्यांचा घसा मजबूत होता.

आमची शाळा फौकानिया, म्हणजे आजच्या भाषेत हायस्कूल. अंबडपासून जाफराबादपर्यंतची पोरं जालन्यात खोल्या करून राहायची आणि तिथं शिकायची. घरी आईशी मराठी, पेठेत मारवाड्याशी अर्धी मारवाडी, टांगेवाल्याशी दख्खनी, आणि त्रिकोणाचे तीन कोन मात्र उर्दूत. मला आजही त्रिकोण दिसला की तो उजवीकडून डावीकडं दिसतो.

कोर्स वरून यायचा, शहरातून. शहर म्हणजे हैदराबाद, दुसरं शहर आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या कोर्सात मुल्क म्हणजे रियासत. इतिहासाचं पुस्तक राजघराण्यापासून सुरू होई आणि भूगोलाचं पुस्तक सरहद्दीपाशी थांबे. सकाळी रांगेत उभं राहून हुजुरांच्या सलामतीची दुआ म्हणायची, मग वर्ग. कोर्स लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तेलंगणातला पोरगा, कानडी मुलखातला पोरगा आणि आमच्याकडचा मराठी पोरगा, तिघांनी एकच धडा एकाच जबानीत पाठ केला की तिघं एका मुल्काचे होतील, असा त्यांचा सरळ हिशेब. आम्ही पाठ करत होतो. इतकं पाठ करत होतो, की माझ्या खोलीतला एक जण झोपेत अस्खलित उर्दू बोलायचा आणि जागेपणी त्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

या मुल्काचा एक विधी होता. दरसाल मुआइन्याच्या आधी, म्हणजे शाळेची तपासणी करायला वरून साहेब यायच्या आधी, मोठ्या जमातीनं अंगणात मातीचा नकाशा करायचा. ज्याला जो मुलूख येई तो त्यानं बनवायचा. आमच्यात एक रेल्वेवाल्याचा तेलुगू पोरगा होता, त्याच्याकडं तेलंगण. मुसलमान पोरांकडं राजधानी, कारण निम्म्यांचे मामा तिथं राहायचे. आम्ही मराठी पोरं औरंगाबादेपासून नांदेडपर्यंत पसरलेलो. काळ्या मातीचा मराठवाडा, कापसाच्या बोंडाचे तुकडे लावलेली रानं, सुतळीची रेल्वे. राजधानीच्या जागी खडूचे चार तुकडे उभे खोचायचे. तोच चारमिनार. आणि सगळ्याला वेढून पिवळ्या मातीचा बांध, कारण राजनिशाण पिवळं. तो बांध म्हणजे सरहद.

नद्या कोरड्या असायच्या. निळीची पूड टाकली की झाली नदी.

ज्या सालाची गोष्ट सांगतोय, त्या साली सरहद या शब्दाला धार आली होती. पलीकडं इंग्रज गेले होते, झेंडा बदलला होता. आमच्याकडं तोच झेंडा, तीच दुआ. गावातल्या मैदानावर खाकीतले लोक लाठ्या खांद्यावर टाकून संध्याकाळी परेड करायचे. आमच्या आया आम्हाला सांगायच्या, रस्त्यानं हसत जाऊ नका, आणि गंभीर होऊनही जाऊ नका. मंग जावं तरी कसं? शेजारच्या तालुक्यातल्या एका मास्तरांना चौकशीला बोलावलं होतं. ते गेले ते परत आले नाहीत. त्यांची टोपी तिथल्या वर्गातल्या खुंटीवर कित्येक दिवस तशीच लटकली होती, काढायची कुणाची छाती झाली नाही.

आमचे भूगोलाचे मास्तर जालन्यातल्याच कादराबादेतले. उंच, बारीक, पानानं लाल झालेले ओठ. त्यांच्या घरात पाच पिढ्या फारसी बोलत आल्या होत्या म्हणे, पण ते आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे. शिकवायची त्यांची एक रीत होती. आधी पुस्तकातली ओळ उर्दूत मोठ्यानं वाचायची, इतक्या मोठ्यानं की ती हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन सलाम करून यावी. मग आवाज खाली आणून तीच मराठीत सांगायची. कोर्सात मराठीला परवानगी नव्हती. पण मास्तरांचं म्हणणं, कान उर्दूत भरले तरी डोकं मराठीत रिकामं राहिलं तर काय फायदा.

एकदा गोदावरीचा धडा चालू होता. त्यांनी शेवटची ओळ वाचली. इसके बाद गोदावरी मुल्क की हद से बाहर निकल जाती है. धडा संपला. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. हा गोदाकाठच्या एका गावातल्या बागायतदाराचा मुलगा, आमच्याहून थोराड, मिशा फुटलेला. त्या मिशांना त्या शाळेतच दोनदा नापास व्हायची सवय लागली होती. त्याला आम्ही गोदाकाठचाच म्हणायचो.

“मास्तरसाब,” तो म्हणाला, “बाहेर जाऊन मंग कुठं जाती?”

मास्तरांनी दाराकडं पाहिलं. मग खडू घेऊन फळ्यावरची रेघ सरहद्दीच्या पुढं नेली, पार समुद्रापर्यंत. मग मागं येऊन नाशकाच्या डोंगरापर्यंत नेली. आणि हळू आवाजात म्हणाले, “पुस्तकात नदीचा तुकडा आहे. नदी त्याहून लांब आहे. वरचे पितात, आपण पितो, खालचे पितात. तिला कुणी विचारलेलं नाही, तू कुणाची.”

लगेच त्यांनी ती रेघ शेरवाणीच्या बाहीनं पुसली. पण बाही काळी होती आणि खडू पांढरा. दिवसभर समुद्र त्यांच्या बाहीवर दिसत राहिला. कुणी पाहिलं, कुणी चुगली केली, देव जाणे. थोड्याच दिवसांत वर कागद गेला, की हे मास्तर हिंदुस्थानचा जुगराफिया, म्हणजे भूगोल, पढवतात. त्या दिवसांत एवढं बस होतं.

म्हणून त्या साली मोहतमीम साब नुसते मुआइन्याला येणार नव्हते, मास्तरांना तोलायला येणार होते. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी सगळ्या जमातीला बोलावून बजावलं, की उद्या कुणाच्या तोंडून समुद्राचं नाव निघालं तर तुमच्या मास्तरांची नोकरी गेली म्हणून समजा. आणि नुसती नोकरी गेली तर सुटलो म्हणायचे दिवस आहेत, हेही समजा. मास्तर तिथंच भिंतीकडं तोंड करून उभे होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण त्याला अक्कल उशिरा सुचायची आणि सुचली की आवरायची नाही. साहेबांना अमली तालीम फार आवडते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. हातानं करून दाखवायचं शिक्षण. म्हणून त्यांनी आठवडाभर आधीच हुकूम सोडला होता, की औंदा नद्यांत खरं पाणी सोडायचं. साहेब खूश होतील आणि मास्तरांचं प्रकरण तिथंच वाहून जाईल.

मास्तर म्हणाले, “सदरसाब, पानी नक्को. पानी किसी की नै सुनता.”

हेडमास्तर म्हणाले, तुमच्याच भल्याचं करतोय.

मग बांध. पूर्वी बांध पेठेतली पोरं घालायची, तो मोरीच्या कठड्यासारखा कसाबसा उभा असायचा. औंदा पाणी येणार म्हणून तो गोदाकाठच्याच्या हवाली केला. इथं आमचं चुकलं. त्याच्या घरी मोटेवर ऊस आणि हळद. जन्मापासून त्यानं एकच काम केलेलं, पाण्याला दारं धरायचं. म्हणजे पाटानं पाणी येतं, एक वाफा भरला की पायानं बांध फोडून ते पुढच्या वाफ्यात सोडायचं आणि मागचा बांध बुजवायचा. त्याच्या हाताला कच्चा बांध ठाऊकच नव्हता. त्यानं माती भिजवली, तिच्यात भुसा घातला, आम्हाला तिच्यावर नाचवलं, वरून शेणानं सारवलं आणि पुन्हा पिवळी माती फिरवली. थेंब झिरपेल तर शपथ. पुढं हिंदुस्थानची फौज आली तेव्हा खऱ्या सरहद्दीला असा बांध असता, तर तिला पाच दिवसांऐवजी पंधरवडा तरी लागला असता.

रंगीत तालमीला आम्ही एक तांब्याभर पाणी ओतलं. कोरड्या मातीनं ते पैठणापाशीच पिऊन टाकलं. हेडमास्तर म्हणाले, उद्या घागर ठेवा. आणि रात्रीत तडे जाऊ नयेत म्हणून नकाशावर ओली पोती झाका. झाकली. आता माती पोटभर प्यालेली होती. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तेलुगू पोरगा मात्र कुरकुरत होता, की तुम्ही मराठवाड्यात सगळी माती थापली आणि माझं तेलंगण बसकं राहिलं. आम्ही त्याला म्हणालो, चालतंय, कोण बघतंय.

साहेब सकाळी टांग्यातून उतरले. काळी शेरवाणी, लाल रूमी टोपी, तिचा गोंडा असा हलायचा की टोपीच प्रश्न विचारतेय असं वाटावं. हातात चांदीच्या मुठीची काठी. आधी वर्गात आले. पुस्तक मागितलं, गोदावरीचाच धडा काढला.

“गोदावरी कहाँ जाती है?”

साहेबांची नजर मागच्या बाकाकडं सरकायला लागली. गोदाकाठच्याचं तोंड उघडायच्या बेतात, आणि त्या तोंडात समुद्र भरलेला. तेवढ्यात तेलुगू पोरगा ताडकन उठला.

“मुल्क की हद से बाहर निकल जाती है, साब.”

“फिर?”

“फिर सबक खतम, साब.”

साहेबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांच्या कपाळावर माघाच्या थंडीत घाम होता. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, चला, अंगणात चला.

माझं काम गोदावरीचं. म्हणजे नाशकाच्या बाजूला बांधाबाहेर उभं राहून, बांधावरून आत ठेवलेल्या पन्हाळीत घागर रिती करायची. अख्ख्या जमातीत मी एकटा हिंदुस्थानात उभा होतो आणि मला त्याची भयंकर भीती वाटत होती. मी ओतायला लागलो. पाणी निघालं, पैठणाच्या जागी लावलेल्या तुळशीच्या काडीला वळसा घातला, आमच्या अंबडाच्या पायथ्यानं गेलं, नांदेडापर्यंत चकाकत गेलं. खरं सांगतो, फार देखणं दिसलं. साहेब वाकून पाहायला लागले. लहान पोरासारखे खूश झाले.

“वाह. और डालो.”

मी ओतलं. दुसरी घागर आली. साहेब हेडमास्तरांना काठीनं एकेक गाव दाखवत, आमच्याकडं अर्धी पाठ करून बोलायला लागले. हेडमास्तरांचा चेहरा फुलला. मास्तरांच्या खांद्यावरचं ओझं जरा उतरल्यासारखं झालं.

आणि मग मला दिसलं. पाणी पूर्वेच्या बांधाला जाऊन टेकलं होतं आणि तिथंच थांबलं होतं. माती पीत नव्हती, बांध सोडत नव्हता. तेलंगण आधीच बसकं, ते बुडालं. तेलुगू पोरगा कपाळाला हात लावून आपला देश पाण्याखाली जाताना बघत होता. अंगणाचा उतार त्या कोपऱ्याकडं, म्हणून पाणी तिथून मागं फिरलं, पसरलं, आणि सरळ राजधानीकडं निघालं. चार खडू पांढरेशुभ्र उभे.

मी ओतायचं थांबलो.

“रुको मत,” साहेब न बघता म्हणाले.

मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खडूंकडं पाहत होते. त्यांनी थांब म्हणावं तर साहेबांचा हुकूम मोडला. बांध फोड म्हणावं तर ज्या गुन्ह्याचा बोभाटा झाला होता तोच डोळ्यांदेखत केला. आणि गप्प राहावं तर भूगोलाच्या मास्तरानं मुआइन्याच्या दिवशी, खाकीवाले मैदानात परेड करत असताना, साहेबांच्या समोर चारमिनार बुडवून दाखवला. तिन्ही वाटांच्या टोकाला ती खुंटीवरची टोपी. ते गप्प राहिले. मी इतकं सावकाश ओतायला लागलो, की ते पाणी घागरीतून निघून जमिनीवर पोचेतो ईद येऊन गेली असती. तरी पाणी चढतच होतं. पहिल्या खडूच्या बुडाशी ओल आली. ओलीची रेघ खडूतून वर चढायला लागली. दुसऱ्याच्या बुडाशी आली. आणि साहेब तिकडं हेडमास्तरांना सांगताहेत, की मुल्क असा एका नजरेत दिसला पाहिजे, मग पोरांच्या दिलात बसतो.

गोदाकाठच्याला कुणी काही म्हणालं नाही. त्याच्याकडं कुणी पाहिलंही नाही. तुंबलेलं पाणी दिसलं आणि त्याचा पाय गेला. डोक्याला विचारून गेला असता तर गेलाच नसता. टाच बांधात बसली, शेण फाटलं, आणि पाण्यानं असा सुस्कारा सोडला की तो साहेबांना ऐकू गेला.

ते वळले. खडू त्यांना दिसले नाहीत. त्यांना फुटलेला पिवळा बांध दिसला, आणि ते ओरडले. इथं आपण पहिल्या जागी येऊन पोचलो.

“बोलो.”

गोदाकाठचा पुढं झाला. त्याची टाच अजून पिवळी होती, लपवायला जागाच नव्हती.

“म्या फोडला, साब.”

“किसके कहने पर?”

याचं उत्तर त्यानं एका दमात दिलं, मराठीत, कारण घाबरल्यावर त्याची उर्दू पळून जायची. साहेबांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. ते मास्तरांकडं वळले आणि सावकाश म्हणाले, की आप तो समझते हैं इनकी जबान, सुना है बहुत अच्छी समझते हैं. बताइए, क्या कहता है.

मास्तरांनी पोराला परत सांगायला सांगितलं. तो म्हणाला, “तुंबलं होतं ना, मास्तरसाब. तुंबल्यावर फोडावंच लागतंय. आपण न्हाई फोडलं तर ते आपल्या मनानं फुटतंय, आन् मंग सगळंच घेऊन जातंय.”

मी त्या दिवसापर्यंत खूप भाषांतरं केली होती, उर्दूचं मराठी, मराठीचं उर्दू, परीक्षेत गुण मिळवायला. पण तीन वाक्यांच्या भाषांतरात एका माणसाचं अन्न आणि कदाचित मानही अडकलेली मी तेव्हाच पाहिली. मास्तरांनी छडी बगलेत धरली, दोन्ही हात पुढं बांधले आणि म्हणाले,

“हुजूर, बच्चा कहता है, पानी रोकते तो शहर डूबता.”

आणि खडूंकडं हात केला. “चारमिनार खड़ा है, हुजूर.”

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा खडू पाहिले. अर्ध्यापर्यंत भिजलेले, एक जरासा कललेला, पण चारी उभे. ते बघत राहिले. टोपीचा गोंडा हलायचा थांबला. मग त्यांनी शेवटचा फासा टाकला. पोराच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, “यह तुझे सिखाया किसने?”

सिखाया हा शब्द त्याला कळला. आम्हा सगळ्यांनाच कळला. कुणाचं तरी नाव आता त्याच्या जिभेवर येणार आणि ते एकच असू शकतं, असं वाटून हेडमास्तरांनी डोळे मिटले.

“बापानं,” तो म्हणाला.

साहेबांनी काठी जमिनीवर आपटली. “बाँधो. अभी. मेरे सामने.”

आम्ही बांधायला बसलो. आता इथं पुन्हा तेच. दुसरा कुणी असता तर त्यानं घाईघाईत माती लिंपली असती, ती गळली असती, आणि सगळे सुटले असते. पण गोदाकाठच्याला कच्चं काम येतच नव्हतं. साहेब डोक्यावर उभे असताना त्यानं भुसा मागितला. शेण मागितलं. अंगठ्यानं दाबून दाबून बांध असा बुजवला की भगदाड कुठं होतं ते ब्रह्मदेवाला सापडलं नसतं.

घागर मी केव्हाच खाली ठेवली होती. पण वरच्या मराठवाड्यात मुरलेलं पाणी, ते अजून निथळून खाली येतच होतं. कुणी ओतत नव्हतं आणि तरी पाणी चढत होतं. पुन्हा तेलंगण गेलं. पुन्हा ते मागं फिरलं. पुन्हा खडूंच्या बुडाला लागलं.

आता मात्र कुणी हलेना. सरहद साहेबांच्या हुकमानं बांधलेली. गोदाकाठच्याच्या पायाची बोटं मातीत रुतायला लागली, तशी मास्तरांनी आपली छडी त्याच्या पोटऱ्यांपुढं आडवी धरली. मारायला नव्हे, अडवायला. तो त्या छडीमागं बांधलेल्या बैलासारखा उभा राहिला. कललेला खडू आणखी कलला. त्याचं बूड लोण्यासारखं झालं होतं.

सगळे साहेबांकडं पाहत होते. मघाशी मास्तर आणि मी त्या पाण्यापुढं गप्प राहिलो होतो, आता ती पाळी त्यांच्यावर आली. फोडा म्हणावं तर शाळेभर सांगितलं जाणार, मोहतमीम साहेबांनी सरहद फोडायला लावली. न म्हणावं तर चारमिनार त्यांच्या देखत, त्यांच्या बांधामुळं पडला. त्यांच्याही वर साहेब होते. त्यांच्याही घरी खुंटी असेलच.

त्यांनी घसा साफ केला. अंगणातल्या निंबाकडं पाहिलं आणि हेडमास्तरांना विचारलं, की हे झाड किती वर्षांचं असेल.

हेडमास्तरांनी निंबाकडं पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, अख्खी जमात मान वर करून, जन्मात निंब न पाहिल्यासारखी. आणि खाली साहेबांची काठी, चांदीच्या मुठीची, बांधावर आली, टेकली आणि टोकानं आत गेली. हे मी पाहिलं नाही, मी निंबाकडंच पाहत होतो. मी फक्त पाण्याचा सुस्कारा ऐकला.

हेडमास्तर म्हणाले, असेल साठ-सत्तर वर्षांचं. साहेब म्हणाले, अच्छा दरख्त है. काठीचं टोक त्यांनी रुमालानं पुसलं आणि मास्तरांना खुणेनं आपल्या मागून हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. दार लागलं.

आम्ही तिथंच. कुणाला वर्गात जायचं सुचलं नाही. पाणी ओसरलं, चिखल उरला. खोलीतून आधी साहेबांचा आवाज आला, मग कप-बशीचा आवाज. तेलुगू पोरगा म्हणाला, चहा पाजून धाडतात का रे? मी मनातल्या मनात मास्तरांचं सामान बांधून पाहिलं, पुस्तकं, हुक्का, शेरवाण्या दोन. त्यातली एक अजून खडूनं पांढरी असल्यासारखी मला दिसली.

टांगा आला. साहेब बसले आणि गेले, आमच्याकडं न पाहता. हेडमास्तर त्यांना वेशीपर्यंत पोचवायला धावत गेले. मास्तर एकटेच अंगणात आले. नकाशापाशी थांबले, वाकले, ते चारी खडू चिखलातून उपटले, आणि सदऱ्याच्या खिशात घालायला गेले तर दोन हातातच मोडले.

विचारायची हिंमत कुणाची होईना. शेवटी गोदाकाठचाच पुढं झाला, त्याची टाच अजून धुतलेली नव्हती.

“मास्तरसाब, काय म्हणले साहेब तुमच्याबद्दल?”

मास्तरांनी हात झटकले.

“पुढच्या साली नद्या कोरड्या ठेवा, म्हणाले.”